पावसात भिजलेली गाडी 'मिसिंग' का मारते? आणि सेल्फला हात कधी लावू नये?

जुलैचा महिना आहे. दुचाकी रात्रभर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पाऊस झेलत उभी होती. सकाळी पाच-सहा किक मारल्यावर ती चालू होते, पण आवाज नेहमीचा नसतो. ॲक्सिलरेटर पिळला की पुढे जाण्याऐवजी गाडी झटके खाते, मध्येच सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि सिग्नलला थांबलात की बंद पडते. गॅरेजच्या भाषेत याला म्हणतात, गाडी 'मिसिंग' मारतेय.

बहुतेक वेळा हे दुखणं किरकोळ असतं. कोरडं फडकं, प्लग पाना आणि अर्धा तास एवढ्यावर काम भागतं. पण गाडी भिजणं वेगळं आणि गाडीच्या इंजिनाने पाणी पिणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एकदा दाबलेलं सेल्फचं बटणही इंजिन खोलायची वेळ आणू शकतं. या दोन्हींतला फरक रस्त्याच्या कडेला उभं राहून कसा ओळखायचा, ते समजून घेऊया.

मिसिंग म्हणजे नेमकं काय हुकतं?

पेट्रोल इंजिनला चालण्यासाठी हवा लागते, पेट्रोल लागतं, ते मिश्रण दाबलं जावं लागतं आणि बरोबर त्या क्षणी ठिणगी पडावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकी एका सिलिंडरच्या, फोर-स्ट्रोक आहेत. म्हणजे क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना सिलिंडरमध्ये एकदा मिश्रण पेटतं. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. यातल्या पाच-सात वेळा जरी मिश्रण पेटलं नाही, तरी तो झटका तुमच्या हाताला आणि पाठीला लगेच कळतो. चार सिलिंडरच्या कारमध्ये एक सिलिंडर रुसला, तर उरलेले तीन गाडी ओढत नेतात. एका सिलिंडरच्या गाडीला ती सोय नाही.

न पेटलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने पेटतं. तो फटाक्याचा आवाज त्याचाच. नव्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कच्चं पेट्रोल त्यात जाऊन जळू लागलं की तो प्रमाणाबाहेर तापतो आणि खराब होऊ शकतो. त्यामुळे 'धक्के खात का होईना, ऑफिसपर्यंत तर नेऊ' हा विचार दिसतो तितका स्वस्त नाही.

ठिणगी जाते कुठे?

भिजलेल्या गाडीत पहिला संशय ठिणगीवर घ्यायचा. बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्याशा दाबाने हवेतून ठिणगी उडत नाही. म्हणून इग्निशन कॉइल हा दाब वाढवून हजारो व्होल्टवर नेते, साधारण १५ ते २५ हजारांच्या घरात. जाड रबरी वायरीतून आणि प्लगवर बसवलेल्या कॅपमधून ही वीज स्पार्क प्लगपर्यंत येते आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या फटीतून उडी मारते.

आता वीज सोपी वाट शोधते. प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग कोरडं आणि स्वच्छ असेल, कॅपचं रबर घट्ट बसलेलं असेल, तर तिला त्या फटीखेरीज दुसरी वाट नसते. पण कॅप जुनी होऊन कडक झाली असेल, वायरीला केसासारख्या चिरा गेल्या असतील आणि त्यात पाणी शिरलं असेल, तर वीज बाहेरूनच इंजिनाच्या धातूकडे पळ काढते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्यात चिखल, तेल, क्षार असं सगळं असतं. बऱ्याच मोटारसायकलींमध्ये प्लग या उडणाऱ्या पाण्याच्या वाटेतच असतो. पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप लावण्याची पद्धत आहे, तिचा हा मोठा फायदा.

इथे एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यात टाकते. गाडी उभी असताना छान चालते आणि ॲक्सिलरेटर पिळला की मिस मारते. असं का? ॲक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, ते जास्त दाटीने दाबलं जातं, आणि दाट मिश्रणातून उडी मारायला विजेला जास्त व्होल्टेज लागतं. उडी अवघड झाली की ओल्या कॅपमधून पळून जाणं विजेला सोपं वाटतं. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून किक मारून 'बघा, ठिणगी तर येतेय' असं दाखवतात, ती चाचणी याच कारणाने अर्धवट आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत ठिणगी आली म्हणून सिलिंडरमधल्या दाबाखाली ती येईलच असं नाही. शिवाय उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारीच ठिणगी पाडणं हा आगीशी खेळ आहे.

त्यापेक्षा सोपी खूण रात्री मिळते. अंधारात गाडी चालू ठेवा आणि हात न लावता कॅप आणि वायरीकडे पाहा. वीज गळत असेल तर निळसर चमक दिसते, कधी बारीक टिक-टिक ऐकू येते. दुसरी खूण दिवसाची. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर, इंजिन तापल्यावर दुखणं आपोआप बरं होत असेल, तर ओल सुकल्यामुळे गळती थांबली असं समजायला हरकत नाही. मात्र पुढच्या पावसात ती परत येणार. नवी कॅप आणि नवा प्लग हे काहीशे रुपयांचं काम आहे, ते पावसाळ्याआधी केलेलं बरं.

रस्त्याच्या कडेला काय कराल?

गाडी आडोशाला घ्या, चावी बंद करा आणि इंजिन थोडं निवू द्या. कॅप सरळ ओढून काढा, वायर धरून ओढू नका. कॅपच्या आतून आणि प्लगच्या पांढऱ्या भागावरून कोरडं फडकं फिरवा. पुष्कळदा इथेच प्रश्न मिटतो.

मिटला नाही तर प्लग काढावा लागेल. त्याआधी प्लगभोवतीच्या खोबणीत साचलेलं पाणी आणि माती पुसून घ्या. ही पायरी गडबडीत हमखास राहते आणि मग बाहेरचं पाणी आपल्याच हाताने सिलिंडरमध्ये पडतं. काढलेल्या प्लगचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, तर ठिणगी नसताना वारंवार किक मारल्यामुळे तो पेट्रोलने भिजलाय. टोक कोरडं करा आणि गाडीला पाच-दहा मिनिटं विश्रांती द्या. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर चोक बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा. प्लगवर पाण्याचे स्वच्छ थेंब दिसले, तर मात्र थांबा आणि खाली दिलेला सेल्फबद्दलचा भाग आधी वाचा.

पेट्रोलने ओला झालेला प्लग लायटरने शेकण्याची हौस बऱ्याच जणांना असते. गाडीजवळ ते करू नका. प्लग परत बसवताना आधी बोटांनी आटे फिरवा आणि शेवटी पाना लावा, नाहीतर आटे वाकडे जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारांवर जातं.

पाणी हाकलणाऱ्या स्प्रेचाही उपयोग होतो. दुकानात मिळणाऱ्या डब्ल्यूडी-४०चं नावच त्यावरून पडलंय. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने क्षेपणास्त्रांचा पत्रा गंजू नये म्हणून पाणी हटवणारं द्रव्य बनवलं. 'वॉटर डिस्प्लेसमेंट'चा चाळिसावा प्रयोग जमला, म्हणून डब्ल्यूडी-४०. कॅपवर आणि वायरीवर थोडा फवारा मारून, पुसून, सुकू द्यायचं आणि मगच गाडी चालू करायची. तो चटकन पेट घेतो, त्यामुळे तापलेल्या इंजिनावर मारू नये.

हीच तक्रार भर उन्हाळ्यातही येते, गाडी वॉशिंग करून आणल्यावर. जोरदार पाण्याचा फवारा पाऊस जिथे पोहोचत नाही तिथेही पाणी घुसवतो. उपाय तोच.

प्लग कोरडा आहे, तरी मिसिंग जात नाही?

मग हवेकडे आणि पेट्रोलकडे वळायचं. एअर फिल्टरचा कागद ओला झाला की त्यातून हवा नीट जात नाही. हवा कमी, पेट्रोल जास्त. काळा धूर, पेट्रोलचा वास, वेग न घेणारी गाडी, ही त्याची लक्षणं. बऱ्याच गाड्यांतला तेल लावलेला कागदी फिल्टर धुऊन किंवा हवेने फुंकून वापरण्याजोगा नसतो, तो बदलावाच लागतो.

पेट्रोलमधल्या पाण्याची गोष्ट जरा वेगळी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनकडे जाणारी वाट तळाशीच असते. इंजिन तापल्यावरही मिसिंग कमी होत नसेल, किंवा नुकतंच पेट्रोल भरल्यावर सुरू झालं असेल, तर संशय इथे. जुन्या गाडीत कार्ब्युरेटरच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड असताना तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. तळाशी वेगळे गोळे किंवा थर दिसला तर ते पाणी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार होऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे असा स्क्रू नाही. टाकी रिकामी करणं आणि पंप, फिल्टर तपासणं हे गॅरेजचं काम.

यात भर पडली आहे इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाण्याला स्वतःत सामावून घेतं, त्यामुळे थोडंसं पाणी मिश्रणाबरोबर जळून जातं आणि कळतही नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरतं. मग तळाशी बसलेला थर चमचाभर पाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि इंजिनाला तोच मिळतो. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल किंवा झाकणाजवळचं पाणी बाहेर नेणारं भोक मातीने बुजलं असेल, तर पावसाळ्यात तिकडे एकदा बघाच.

कधी कधी दोष इंजिनाचा नसतोच

स्कूटरवाल्यांसाठी हे महत्त्वाचं. इंजिनाचा आवाज व्यवस्थित चढतोय, एकसारखा आहे, पण गाडी पुढे जात नाही. हे मिसिंग नव्हे. स्कूटरमध्ये गिअरऐवजी रबरी बेल्ट दोन पुल्यांवर फिरतो आणि पाणी शिरलं की तो घसरतो. बेल्ट सुकला की गाडी पूर्ववत होते. इंजिन चालू असताना खट्कन पूर्ण बंद होत असेल, आधी फट्फट् नाही की झटके नाहीत, तर साइड स्टँडचा सेन्सर किंवा किल स्विच ओला झालाय का ते बघा. नव्या गाड्यांत स्टँड खाली आहे असं वाटलं तरी इंजिन बंद होतं. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटून राहिला असेल, तर अंदाज बांधत बसू नका. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोणत्या सेन्सरची तक्रार आहे हे कळतं.

सेल्फला हात कधी लावायचा नाही?

गाडी पाण्यातून जाताना अचानक बंद पडली असेल, किंवा बंद गाडी पाण्यात बुडून उभी राहिली असेल, तेव्हा.

कारण साधं आहे. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. ११० सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर किती जागा उरते? कॉम्प्रेशनचं प्रमाण १० ला १ धरलं तर साधारण १२ मिलिलिटर. म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. एवढं पाणी एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही. इंजिन जोरात फिरत असताना हे झालं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनाला भोक पाडतो. याला 'हायड्रोलॉक' म्हणतात. १२०० सीसीच्या, चार सिलिंडरच्या कारमध्येही हा हिशेब दर सिलिंडरला जेमतेम ३३ मिलिलिटरचा आहे. डिझेल गाडीत कॉम्प्रेशन जास्त, म्हणून जागा आणखी कमी.

पुष्कळदा असं होतं की गाडी पाण्यात बंद पडते तेव्हा नुकसान झालेलं नसतं. पाणी आत शिरलेलं असतं, इंजिन अडकून थांबलेलं असतं. नुकसान पुढच्या मिनिटात होतं. मागून हॉर्न वाजतात, घाबरून माणूस सेल्फ मारतो, पुन्हा मारतो, मग दोघं-तिघं धक्का देतात आणि तो गिअर टाकून क्लच सोडतो. धक्का मारून चालू करणं सेल्फपेक्षाही वाईट, कारण तिथे गाडीचं सगळं वजन पिस्टनवर जोर लावतं. रॉड किंचितच वाकला तर गाडी चालूही होते. काही दिवसांनी खडखडाट सुरू होतो आणि तेव्हा कोणाला पावसाची आठवण राहिलेली नसते.

खुणा लक्षात ठेवा. सेल्फ दाबल्यावर 'टक्' एवढाच आवाज येऊन मोटर अडते, किंवा किक अर्ध्यात दगडासारखी थांबते. एअर फिल्टरच्या डब्यातून पाणी ओघळतं. तेल तपासायची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसतं. यातलं काहीही दिसलं तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या.

तिथे काय करतात? चावी बंद ठेवून प्लग काढतात आणि इंजिन हळूहळू फिरवतात, किकने किंवा वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवून. प्लगच्या भोकातून पाणी बाहेर येतं. एअर फिल्टर बदलतात, सायलेन्सरमधलं पाणी काढतात, इंजिन ऑइल बदलतात. तेल एकदा बदलून पुरत नाही. थोडी गाडी चालवून पुन्हा दुधाळ दिसलं तर पुन्हा बदलायचं. हे सगळं दोन-तीन दिवसांच्या आत व्हायला हवं, कारण सिलिंडर आणि बेअरिंग आतून गंजू लागतात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा उभ्याने बुडालेल्या गाडीचं एका अर्थी बरं असतं. तिचं इंजिन फिरत नसतं, त्यामुळे कोणी घाई करून सेल्फ मारला नाही तर आतले भाग शाबूत असण्याची शक्यता चांगली.

सायलेन्सर पाण्यात गेला की गाडी गेली, हा समज अर्धवट आहे. चालू इंजिनाचा धूर फूटभर पाण्याला सहज बाहेर रेटतो. पाणी शिरतं ते इंजिन बंद पडल्यावर. खरा धोका हवा आत घेण्याच्या तोंडाला आहे, आणि ते आपल्या गाडीत किती उंचीवर आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. बऱ्याच स्कूटरमध्ये एअर फिल्टरचा डबा डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ असतो. म्हणजे मोटारसायकलपेक्षा खाली.

किनाऱ्यावरच्या एटीव्हीचं काय?

अलिबाग, नागावकडे वाळूत चार चाकांची एटीव्ही चालवली असेल, तर लाटांमधून ती नेण्याचा मोहही झाला असेल. तिचं इंजिन मुळात मोटारसायकलचंच भावंड. पण दोन गोष्टी निराळ्या आहेत. कार्ब्युरेटरच्या एटीव्हीत हवा खेळती ठेवणाऱ्या बारीक नळ्या खाली लोंबत असतात. त्यांची टोकं पाण्यात बुडाली की पेट्रोल नीट उतरत नाही आणि इंजिन गुदमरल्यासारखं मिस मारतं. पाण्याबाहेर आल्यावर लगेच सुधारलं, तर प्लग खोलू नका, नळ्यांची टोकं वर बांधा.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज गळते. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून इथे नुसतं फडकं फिरवून भागत नाही. कॅप, वायर, कनेक्टर आधी गोड्या पाण्याने पुसून मग कोरडे करावे लागतात. तुमची स्वतःची बाईक किनाऱ्यावर नेली असेल, तर तिलाही हाच नियम.

विम्याचे पैसे मिळतात का?

सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान धरलेलं असतं, पण 'परिणामस्वरूप नुकसान' आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. पाण्यात उभ्या गाडीचा सेल्फ मारून इंजिन गेलं, तर कंपनी याच कलमावर बोट ठेवते. पाणी शिरलं हे पुरामुळे, पण रॉड वाकला तो तुम्ही सेल्फ मारल्यामुळे, असा तिचा युक्तिवाद असतो. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून घेता येतं. ते तुमच्या पॉलिसीत आहे का, हे पहिल्या मोठ्या पावसाआधी बघून ठेवा. गाडी बुडालीच तर ती आहे तिथे पाण्याच्या पातळीसकट फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका.